कोंबडी, क्रेट आणि कोशिंबीर

कोंबडीच्या आजाराचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एकतर अफवा उठते आणि शेडवरचा भाव एका रात्रीत कोसळतो. नाहीतर ‘काही होत नाही हो, आमच्या आज्याने पण खाल्ली’ असे म्हणून विषय मिटवला जातो. दोन्हीकडून नुकसान आपलेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये भिवंडीला लागून असलेल्या शहापूर तालुक्यातील वेहळोलीत शंभरेक कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू निघाला आणि आसपासचे सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले. तेव्हा पडघा-अंबाडीकडच्या ज्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता, त्यांच्या मालकांनाही व्यापाऱ्यापुढे मान खाली घालावी लागली असेल, हे सांगायला नको.

पण आज बोलायचे आहे ते बर्ड फ्लूबद्दल नाही. बर्ड फ्लूत कोंबडी मरते, म्हणून तो दिसतो. कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेला या जंतूंचे तसे नाही. कोंबडी टुणटुणीत असते, वजन बरोबर धरते, तुमच्या नोंदवहीत मरतूक वाढत नाही आणि जंतू तिच्या आतड्यात निवांत बसलेले असतात. त्रास होतो तो खाणाऱ्याला.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळ सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागात ‘जीबीएस’ची साथ आली ती आठवा. हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार. रुग्णसंख्या दोनशेच्या घरात गेली. काही रुग्णांच्या शौच-नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला. विहिरीच्या पाण्यावर संशय गेला, खडकवासला परिसरातील पोल्ट्री शेडचीही तपासणी झाली. लोकांनी चिकन बंद केले. नीट शिजवलेले चिकन खायला हरकत नाही, असे शासनाला सांगावे लागले. या जंतूची बाधा झालेल्या हजार रुग्णांत साधारण एकालाच जीबीएस होतो, बाकीचे चार-आठ दिवस जुलाब-तापाने हैराण होऊन बरे होतात. पण तो एक आपल्या घरातला असला तर हजाराचा हिशेब कोण करतो?

तरीही हिशेब करावाच लागेल, कारण त्यावाचून कुठे पैसा घालायचा ते कळत नाही. परदेशात शास्त्रज्ञांनी हा हिशेब गणिताने मांडला आहे. शेडमध्ये शंभरांतल्या किती कोंबड्यांत जंतू, कापताना किती मांसावर आले, स्वयंपाकघरात किती पसरले, शिजवताना किती मेले आणि शेवटी तोंडात किती गेले, अशी सगळी साखळी मांडायची. मग एकेक कडी सुधारून पाहायची आणि आजारी पडणारे किती कमी होतात ते मोजायचे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेने २००२ साली साल्मोनेलाचा असा हिशेब केला. दूषित कोंबड्यांचे प्रमाण निम्मे केले तर आजाराचा धोकाही जवळजवळ निम्मा होतो, असे त्यात दिसले. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००३ साली कॅम्पायलोबॅक्टरचे गणित प्रसिद्ध केले. कापलेल्या कोंबडीवरचे जंतू शंभरपटीने कमी केले तर रुग्ण तीसपटीने कमी होतील. तेवढाच परिणाम केवळ शेडमधून साधायचा तर जंतू असलेले कळप साठ टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणावे लागतील.

हे आकडे नीट वाचा. साठावरून दोनावर आणणे म्हणजे शेतकऱ्याचे कंबरडे मोडणे. कापण्याच्या जागी स्वच्छता पाळणे त्यामानाने कितीतरी स्वस्त. आपल्याकडे मात्र काही झाले की पहिली गाडी येते ती शेडवर. कापणाऱ्याच्या ड्रमकडे कोणी वाकून पाहत नाही.

अर्थात शेडवाल्यानेही अंग झटकू नये. पिल्लू आल्यापासून पहिले दोन आठवडे त्याच्यात हा जंतू सहसा सापडत नाही. पुढे एकदा शिरला की चार-सहा दिवसांत सगळी शेड भरते. शिरतो तो बहुतेक माणसाच्या चपलेने, माश्यांनी, उंदरांनी आणि प्रक्रिया न केलेल्या पाण्याने. म्हणून शेडमध्ये वेगळी चप्पल, दारात जंतुनाशकाचा ट्रे आणि टाकीत टीसीएल, एवढे तरी हवेच. सगळ्यात वाईट असते ते थोडा थोडा माल उचलणे. आज दोनशे पक्षी, परवा तीनशे. दर वेळी व्यापाऱ्याची माणसे दहा शेड फिरून आलेले क्रेट घेऊन आत शिरतात. त्या क्रेटवर वाळलेली विष्ठा असते ती काय तुमच्याच कोंबड्यांची असते? क्रेट बाहेर धुतल्याशिवाय आत येणार नाहीत, हे सांगायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. कंपनीच्या करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी सुपरवायझरला हेच सांगावे. आणि शेडमधली घाण झाकायला अँटिबायोटिक पाजू नये. कोलिस्टिन हे औषध जनावरांना द्यायला २०१९ पासून देशात बंदी आहे, ते माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले आहे.

आता दुकान. भिवंडीच्या यंत्रमाग गल्ल्यांत आणि गोदामांच्या नाक्यांवर हजारो कष्टकरी खानावळीत जेवतात, आणि त्यांचे चिकन येते ते रस्त्याकडेच्या दुकानातून. एकाच भांड्यातल्या पाण्यात सकाळपासून कोंबड्या बुचकळायच्या, त्याच फडक्याने सुरी आणि ओंडका पुसायचा. पहिल्या कोंबडीत जंतू नसले तरी चाळिसावीला मिळतातच. अशा प्रत्येक विक्रेत्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणीचा कागद भिंतीवर टांगला म्हणून पाणी बदलते असे नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी ध्यानात घ्यावे, की दुकानदाराला वाहता नळ आणि मैलापाण्याला बंद गटार दिले तर निम्मे काम होते. नाहीतर तेच पाणी ओढ्यात आणि ओढ्याचे विहिरीत. गावाला पाण्याचे हिरवे कार्ड मिळाले म्हणजे वर्षभराची काळजी मिटली असे समजू नका. जलसुरक्षकाने ओटी टेस्ट रोज करायची असते, तपासणीला साहेब येणार त्या दिवशी नव्हे.

शेवटी घर. आपला रस्सा चांगला अर्धा तास उकळतो, त्यात हे जंतू जगत नाहीत. मग आजार येतो कुठून? कोशिंबिरीतून. ज्या विळीवर चिकन कापले तिच्यावरच कांदा-काकडी चिरली जाते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रिटिश संशोधकाने स्वतःच दुधातून अवघे ५०० जंतू पिऊन पाहिले, आणि तो आजारी पडला. तेवढे जंतू कच्च्या चिकनच्या एका थेंबात असू शकतात. म्हणून नळाखाली धरून चिकन धुण्याची सवय सोडावी, असे आमच्या ताई-वहिनींना सांगायचे आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या धुण्याने जंतू जात नाहीत, ओट्यावरच्या ताटांवर उडतात. धुवायचेच तर पातेल्यात हळू धुवावे, पाणी लगेच टाकावे आणि हात साबणाने स्वच्छ करावेत. कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवावी.

आणखी एक. आपल्याकडे जुलाबाचा रुग्ण आला की ‘अतिसार’ म्हणून नोंद होते आणि सलाइन लावून घरी पाठवतात. काल काय खाल्ले, कुठून आणले, हे दोन प्रश्न तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी त्याच वहीत लिहून घ्यावेत. याला ना निधी लागतो ना नवे पद. डेन्मार्कसारखे गणित मांडायचे तर सुरुवात याच वहीतून होईल, आणि मग दोष शेडचा की ड्रमचा हे आकड्याने सांगता येईल. तोवर प्रत्येक साथीत भाव पाडला जाईल तो तुमचाच.

गटारीला वर्षातली सगळ्यात मोठी विक्री होते, आणि ती साधारणपणे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी येते. तेव्हा दुकानांचा नळ, गटार आणि क्रेट धुण्याची जागा हा विषय ग्रामपंचायतींना जूनच्या मासिक सभेतच घ्यावा लागेल.