एका ऑपरेशनचं हसू

फाटलेल्या ओठाच्या जाहिराती आठवा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, संपलं! चेहऱ्यावरच्या दुर्मिळ जन्मजात फटींचं तसं नसतं हो. फ्रेंच सर्जन पॉल टेसिए यांनी १९७६ मध्ये त्यांना डोळ्याभोवती ० ते १४ नंबर दिले. (शून्यापासून मोजणारा माणूस, आपल्याला लगेच आवडला!) चार नंबरची फट ओठापासून गालावरून खालच्या पापणीपर्यंत जाते. पापणी अपुरी, त्यामुळे बुबुळ कोरडं पडून नजरही जाऊ शकते. म्हणून आधी डोळा वाचवायचा. हाडाचं बरंचसं काम पोर वाढल्यावर. म्हणजे ऑपरेशनं अनेक, वर्षंही अनेक. देणगीदारांनी 'नंतरच्या' फोटोवर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसऱ्या ऑपरेशनला गावाहून यायचं एस्टीचं भाडं, आईबापाची बुडालेली मजुरी कोण देणार?