ढेकूण, लाज आणि टॉर्च

सॉफ्टवेअरवाल्यांचा एक साधा नियम आहे. तक्रार सगळ्यांची ऐकायची, पण निदान करायचं ते लॉग बघून. घरात ढेकूण झाले की आपण नेमकं उलटं करतो. अंगावर उठलेल्या गांध्या बघतो, 'डास असतील' म्हणतो, मलम चोळतो आणि झोपतो. तोवर पलंगात ढेकणांच्या दोन पिढ्या वाढतात.

ही चूक तशी फार जुनी आहे म्हणा. पंचतंत्रातली राजाच्या पलंगावरची ऊ आठवते का? पाहुणा आलेला ढेकूण घाईघाईत राजाला चावतो आणि फटीत दडतो. नोकर पलंग शोधतात, सापडते ऊ, आणि जीव तिचा जातो. चावणारा वेगळा, पकडला जाणारा वेगळा!

म्हणून पहिली गोष्ट, चाव्यांवर फार विश्वास ठेवू नका. एकाच पलंगावरच्या दोघांपैकी एकाच्या अंगावर ओळीने गांध्या उठतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. काहींना तर चावल्यावर खूप दिवसांनी खाज सुटते. खरा पुरावा असतो पलंगात. टॉर्च घ्या आणि एखादं जुनं एटीएम कार्ड. गादीच्या कडेची शिवण, प्लायवूडचे सांधे, स्क्रूची भोकं, पलंगामागची भिंत, पडद्याच्या चुण्या, जवळचा स्विचबोर्ड, सगळीकडे कार्ड फिरवा. काय शोधायचं? मार्कर पेनने टोचल्यासारखे काळे ठिपके (ही त्यांची विष्ठा, ओल्या फडक्याने पुसली की पसरते). फिकट पिवळी, पोकळ कात. साधारण एक मिलिमीटरची पांढरी, चिकटलेली अंडी. चादरीवर रक्ताचे बारीक डाग. आणि संख्या वाढली असेल तर एक गोडसर, कुबट वास. मोठा ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. तो उडत नाही, उडी मारत नाही. फक्त चालतो आणि लपतो.

आता माझा खरा मुद्दा. ढेकूण आपल्याला उशिरा सापडतात, कारण आपल्याला ते सापडायला नको असतात. अमरावती काय, अकोला काय, घरात ढेकूण दिसले की पहिलं वाक्य ठरलेलं: "कोणाले सांगू नको बाप्पा, लोकं काय म्हनतीन!" जणू ढेकूण म्हणजे घाणीचं सर्टिफिकेट. पण ढेकणाला घाण नको असते, त्याला माणसाचं रक्त हवं असतं. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये ढेकणांवरून केवढा गोंधळ उडाला होता! तिथले लोक काय आंघोळ करत नाहीत?

ढेकूण प्रवास करतो, आणि आजचा प्रवासी कोण, तर आपण. पुण्यातला शेअरिंगचा फ्लॅट, आधीच्या भाडेकरूने सोडलेली गादी, ओएलएक्सवरचा सोफा, आणि दिवाळीला स्लीपर ट्रॅव्हल्सने रात्रभर गावाकडे. बॅग घरी पोचते ती थेट आईच्या पलंगावर. म्हणजे आपल्या लाजेची किंमत म्हातारे आईबाबा रात्री जागून चुकवतात. घरमालकाला सांगितलं तर डिपॉझिट जाईल, म्हणून भाडेकरू गप्प. शेजाऱ्याला सांगितलं तर नाव जाईल, म्हणून मालकही गप्प. आणि ढेकूण भिंतीतल्या फटींतून निवांत पलीकडे.

लाजेचं दुसरं फळ जास्त वाईट. गुपचूप निपटवायचं म्हणून लोक गुपचूप विष आणतात. गव्हाच्या कोठीत टाकायच्या गोळ्या झोपायच्या खोलीत ठेवतात, शेतातलं औषध गादीवर फवारतात. त्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फीन वायू सुटतो. त्याच्यावर उतारा नाही, आणि तो शेजारच्या खोलीतही शिरतो. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेही उघड्या रानात. बंद बेडरूमचं काय? घरोघरी फवारलं जाणारं डायक्लोरव्हॉस तर २०२० च्या अखेरीस देशात बंदच झालं. बरं, इतकं करून ढेकूण मरतीलच असंही नाही. पर्ल हार्बरच्या नौदल तळावरच्या ढेकणांनी १९४७ मध्येच डीडीटीला दाद दिली नव्हती.

आजीकडे उपाय होता. बाज उन्हात टाकायची, आपटायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. ५० अंशांच्या आसपासची उष्णता सगळीकडे पोचली की किडे आणि अंडी दोन्ही मरतात, म्हणून तो चालायचा. पण आपला बॉक्सचा दिवाण दारातून बाहेर निघत नाही, आणि अकोल्याच्या ४५ अंशांतही जाड गादीचा गाभा तेवढा तापत नाही. ढेकूण सरळ सावलीच्या बाजूला सरकतात. तेव्हा चादरी-कपडे कडक गरम पाण्यात धुवा, शिवणी व्हॅक्यूम करा, सांध्यांवर वाफ मारा. पसारा वाढला असेल तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा. कारण फवारणीतून अंडी वाचतात आणि साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतात.

आणि हो, सांगा. रूममेटला, मालकाला, शेजाऱ्याला. घरच्या ढेकणांमुळे रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण एकट्याने ते संपतही नाहीत. टीममध्ये बग लपवणाऱ्याला आपण काय म्हणतो ते माहीत आहेच. मग घरातला का लपवायचा?

यंदा दिवाळीला घरी जाल तेव्हा बॅग पलंगावर टाकू नका. आधी अंगणात उघडा, शिवणी बघा, कपडे थेट धुवायला टाका. आई विचारेल, "हे काय नवीन?" तर सांगून टाका.