साथीदाराचे नाव काय?

बी. कॉम., द्वितीय वर्ष

ड्रम म्हटले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. काही जण कानांवर हात ठेवतात, तर काही जण शिट्ट्या मारतात. समज मात्र दोघांचाही एकच असतो, की ड्रम म्हणजे आवाज. आवाज जितका मोठा, हात जितका वेगवान, एकट्याने वाजवण्याचा वेळ जितका जास्त, तितका वादक थोर! गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा आला की मध्येच गायक बाजूला होतात, लाल-निळे दिवे लागतात आणि ड्रमवाला पाच मिनिटे समोर असेल ते बडवून काढतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. पण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणालाही विचारा, त्या वादकाचे नाव काय होते? उत्तर मिळत नाही.

या समजाविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. माझ्या मते ड्रमवादकाची थोरवी तो एकटा काय वाजवतो यात नाही. त्याच्यामुळे शेजारचा माणूस काय वाजवू लागतो यात ती आहे. हे मत माझे जाझ ऐकून बनले. जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. त्यात आपल्या ख्यालाप्रमाणेच बरेचसे त्या क्षणी सुचत जाते. म्हणून त्याची खरी कसोटी मैफिलीत लागते. स्टुडिओत बिघडले तर पुन्हा वाजवता येते, मैफिलीत नाही. सुदैवाने अशा काही मैफिलींचे ध्वनिमुद्रण झालेले आहे आणि आज आपण ते मोबाइलवरही ऐकू शकतो. त्यांपैकी काहींचे दाखले येथे देतो.

पहिला दाखला १६ जानेवारी १९३८ चा. न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल हे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे मानाचे सभागृह. तेथे त्या रात्री क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन याचा वाद्यवृंद वाजला. नाचघरातले संगीत अशा ठिकाणी यावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. ड्रमवर होता जीन क्रूपा. 'सिंग, सिंग, सिंग' ही सुमारे बारा मिनिटांची रचना त्याच्या टॉम-टॉमच्या घुमणाऱ्या ठेक्यावर उभी आहे, आणि लोक आजही त्या घणाघाताचेच कौतुक करतात. मला मात्र त्यातली शेवटाकडची दोन मिनिटे थोर वाटतात. पियानोवादक जेस स्टेसी याला गुडमनने आयत्या वेळी खूण केली आणि तो अगदी हळुवार, स्वतःशीच बोलल्यासारखे वाजवू लागला. तोवर सभागृह दणाणून सोडणारा क्रूपा अशा वेळी काय करतो? तो हात आवरतो. ठेका तुटू देत नाही, पण पियानोवर त्याची सावलीही पडू देत नाही. ज्याच्या हातात एवढा आवाज आहे त्याने तो न काढणे, याला मी मोठेपणा म्हणतो.

त्यानंतर काही आठवड्यांतच क्रूपाने गुडमनचा वृंद सोडला आणि स्वतःचा उभारला. आम्हां कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना भागीदार निवृत्त झाला की 'गुडविल'ची किंमत काढायला शिकवतात. इमारत, यंत्रे, माल हे ताळेबंदात सरळ दिसते. गुडविल दिसत नाही, पण धंदा त्यावर चालतो. वाद्यवृंदात ड्रमवादक म्हणजे हे गुडविलच होय.

दुसरा दाखला १५ मे १९५३ चा, कॅनडातील टोरांटो येथील मॅसी हॉलचा. रंगमंचावर चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि ड्रमवर मॅक्स रोच. एकापेक्षा एक दिग्गज, पण सभागृह निम्मेही भरलेले नव्हते. त्याच रात्री शिकागोला रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती आणि लोकांचे लक्ष तिकडे होते. ती लढत पहिल्याच फेरीत आटोपली. रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवलेले संगीत मात्र सत्तर वर्षे उलटून गेली तरी लोक ऐकत आहेत. रोचच्या पिढीने ठेका धरण्याचे काम मोठ्या झांजेवर सोपवले, आणि त्यामुळे मोकळे झालेले बाकीचे ड्रम गायकाला तबलजीने उत्तर द्यावे तसे संवादासाठी वापरले. रोच एकटा वाजवू लागला तरी मूळ चाल त्याच्या मनात चाललेली असते, हे ऐकणाऱ्याला कळते. तेव्हा एकलवादनाला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. चाल विसरून केलेल्या एकलवादनाला माझा विरोध आहे.

तिसरी मैफल माझ्या सर्वांत आवडीची. ७ जुलै १९५६, अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्टचा जाझ महोत्सव. ड्यूक एलिंग्टन हे फार मोठे नाव, पण त्या सुमारास त्याच्या वृंदाचे दिवस ओसरल्यासारखे झाले होते. रात्री उशिरा त्याने १९३७ साली रचलेली एक जोडरचना काढली आणि दोन भागांच्या मध्ये सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस याला मोकळे सोडले. गोन्साल्विसने एकामागून एक सत्तावीस आवर्तने घेतली. बारा खंडांचे एक आवर्तन आणि प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे हिशेबाने १,२९६ मात्रा! लोक खुर्च्यांवरून उठले, एक बाई नाचू लागल्या, आणि पाहता पाहता सारे मैदान उसळले. पुढच्या महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टनचे चित्र झळकले. त्याच्या वृंदाला जणू पुनर्जन्म मिळाला.

इतिहासात नाव राहिले ते गोन्साल्विसचे, आणि ते रास्तच आहे. पण त्या १,२९६ मात्रा त्याच्या पायाखाली कोणी अंथरल्या? ड्रमवर सॅम वुडयार्ड होता. तो एकदाही पुढे घुसत नाही, दमत नाही, लय चढू देत नाही आणि पडूही देत नाही. आणखीही एक माणूस होता. तो रंगमंचावर नव्हता, खाली कडेला बसला होता. त्याचे नाव जो जोन्स. काउंट बेसीच्या वृंदातला हा थोर ड्रमवादक. पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, म्हणजे हाय-हॅटवर, लय खेळवण्याची नवी रीत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्या वेळी त्याच्याजवळ ड्रम नव्हते. त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि ती आपटत, ओरडत तो वादकांना हुरूप देत राहिला. तो आपल्या वृंदाचा नव्हे, दुसऱ्याच्या वृंदाचा साथीदार झाला होता. ड्रमवादकांच्या अविस्मरणीय प्रयोगांची यादी करायची झाली तर मी ही वर्तमानपत्राची गुंडाळी त्यात अगदी वर घालीन.

चौथा दाखला आपल्या वयाच्या एका मुलाचा आहे. टोनी विल्यम्स याला माइल्स डेव्हिसने १९६३ मध्ये आपल्या पंचकात घेतले, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. १२ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये या पंचकाची मैफल झाली. मिसिसिपी आणि लुइझियाना राज्यांतील कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी, या कामाच्या मदतीसाठी ती होती. डेव्हिसने मानधन सोडले, पण साथीदारांना आयत्या वेळी ते कळल्यावर आत वादावादी झाली. त्याच तापलेल्या मनांनी पाच जण रंगमंचावर आले. त्या रात्रीच्या वेगवान रचना ऐकाव्यात. अठरा वर्षांचा मुलगा आपल्याहून कितीतरी अनुभवी माणसांना असा पुढे रेटतो की त्यांना क्षणाची उसंत मिळत नाही. आणि त्याच रात्रीच्या संथ रचनाही ऐकाव्यात. तेथे हाच मुलगा काठ्या आवरून वाट पाहतो, आणि नेमक्या जागी झांजेला नुसता स्पर्श करतो. केव्हा वाजवू नये हे अठराव्या वर्षी कळणे, हे वेगाहून अवघड आहे.

आता माझे मित्र म्हणतील, तू वेगाला फार खाली लेखतोस. १३ सप्टेंबर १९५२ रोजी कार्नेगी हॉलमध्येच जीन क्रूपा आणि बडी रिच यांची ड्रमची जुगलबंदी झाली, तीही प्रसिद्ध आहे. ती मी ऐकली आहे. बडी रिचचा हात हा एक चमत्कारच आहे आणि त्याला माझा नमस्कार. पण तिच्या शेवटी आपण विचारतो, कोण जिंकला? न्यूपोर्टच्या मैफिलीनंतर असा प्रश्न पडत नाही. जेथे कोण जिंकला हा प्रश्नच उठत नाही, ती मैफल मला अधिक श्रीमंत वाटते.

दुसरा आक्षेप असा येईल की हे सारे साता समुद्रांपलीकडचे, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आपल्या गावापर्यंत येऊन पोचतो. ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचा जन्म १९२५ साली बेळगावचा. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू हे आज जाझच्या जगात नावाजलेले तालवादक आहेत. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत ते वाजले आणि ती मैफल ध्वनिमुद्रित झाली. त्रिलोक यांची बैठकच वेगळी. खाली बसून ते ड्रम, झांजा आणि तबला एकत्र वाजवतात. शेजारी पाण्याची बादली असते, तीत वाजती वस्तू बुडवली की तिचा सूर वाकतो. मध्येच तोंडाने बोल म्हणतात. त्या मैफिलीतील एका रचनेचे नाव 'मदर टंग्ज', म्हणजे मातृभाषा, असे अनेकवचनी आहे. ज्या मासिकात मराठीची पाने संपली की कन्नडची सुरू होतात, त्याच्या वाचकांना या अनेकवचनाचा अर्थ समजावून सांगायला नको.

आणि साथीदाराला मान कसा द्यावा हे शिकायला तर परदेशी जायचीही गरज नाही. कन्नड विभागातील मित्रांना विचारा. कर्नाटक संगीताच्या कचेरीत 'तनी आवर्तनम्' ही मृदंगवादकाची हक्काची जागा असते. त्या वेळी मुख्य गायक गाणे थांबवून हाताने ताल धरून बसतो. म्हणजे थोडा वेळ गायकच साथीदार होतो! केवढी सुंदर रीत आहे ही.

आपल्याकडे काय होते? मी स्वतः गल्लीच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवतो, त्यामुळे हे जरा टोचते. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन गीतगायन स्पर्धेला गेलो होतो. एकाच मुलाने लागोपाठ नऊ स्पर्धकांना तबल्याची साथ केली. एक जण दोनदा लय सोडून भरकटला, आणि दोन्ही वेळा या मुलाने त्याला अलगद समेवर आणून उभे केले. त्या स्पर्धकाला दुसरे बक्षीस मिळाले. तबल्यावरच्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून एकदाही उच्चारले गेले नाही. चहाच्या वेळी तो आपले तबले गवसणीत घालून एकटाच बसला होता. मी नाव विचारले तेव्हा त्याने आधी मागे वळून पाहिले, आपल्यालाच विचारले की काय म्हणून!

म्हणून गॅदरिंगच्या समितीला आणि प्राध्यापक महोदयांना माझी नम्र सूचना आहे. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत गायकाच्या नावाखाली साथीदाराचेही नाव छापावे. गायनस्पर्धेच्या प्रमाणपत्रांबरोबर साथीदारालाही एक प्रमाणपत्र द्यावे. आणि उत्कृष्ट साथीसाठी एक छोटे बक्षीस ठेवावे. खर्च फार नाही, एका हाराइतकाही नाही. विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगतो, की यंदा ऑर्केस्ट्रा आला की ड्रमवाल्याच्या एकट्याच्या त्या पाच मिनिटांना टाळ्या जरूर द्या. पण एखादे संथ गाणे चालू असताना तो काय करतो आहे, काय करण्याचे टाळतो आहे, तेही कान देऊन ऐका. आणि कार्यक्रम संपल्यावर तारा गुंडाळायच्या आत त्याच्याजवळ जाऊन त्याचे नाव विचारा.