गाणे पहिले आले, पण अर्थाचे काय?

वरच्या वर्गांतील मुले हल्ली इंग्रजी रॉक गाणी आवडीने ऐकतात आणि स्नेहसंमेलनात म्हणण्याची परवानगीही मागतात. काही पालकांना हा निव्वळ गोंगाट वाटतो. मुलांचे उत्तर ठरलेले असते : "हे गाणे जगभर गाजले आहे!" आम्हांला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण गाण्याचा अर्थ काय, हे दोघेही विचारत नाहीत.

यांतील बरीच गाणी 'अल्टरनेटिव्ह रॉक' या प्रकारातील आहेत. लहान ध्वनिमुद्रण कंपन्या आणि महाविद्यालयीन रेडिओ यांच्या आधाराने वाढलेले हे संगीत. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने १९८८ साली त्यासाठी स्वतंत्र यादी सुरू केली. अशा याद्यांत गाणे किती विकले गेले, किती वेळा वाजले, हे मोजतात. ते किती जणांना समजले, हे कोणतीच यादी सांगत नाही.

आर. ई. एम. या वाद्यवृंदाचे 'लूझिंग माय रिलिजन' हे गाणे १९९१ साली अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. शब्दशः अर्थ घेऊन अनेकांनी ते धर्म सोडण्याचे गाणे मानले. वास्तविक अमेरिकेच्या दक्षिण भागातला तो वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ संयम सुटणे, सहनशक्ती संपणे. गाणे आहे एकतर्फी प्रेमाचे.

ग्रीन डे यांचे १९९७ सालचे 'गुड रिडन्स' अमेरिकेतील शाळांच्या निरोप समारंभांत हमखास वाजते. शीर्षकाचा अर्थ मात्र 'बरे झाले, पीडा टळली!' असा आहे. मैत्रीण परदेशी निघून गेली त्या रागातून ते आले. दहावीच्या मुलांनी निरोपाच्या दिवशी हे गाणे निवडले, तर गुरुजनांनी काय समजावे?

तिसरे उदाहरण गंभीर आहे. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधील वॉरिंग्टन गावी आयआरएने घडवलेल्या बॉम्बस्फोटात तीन आणि बारा वर्षांची दोन मुले दगावली. त्या दुःखातून आयर्लंडच्या 'द क्रॅनबेरीज'च्या गायिका डोलोरेस ओ'रिओर्डन यांनी 'झॉम्बी' लिहिले. १९९४ साली ते आले आणि जर्मनी, ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेले. जिथे ती मुले गेली त्या ब्रिटनमध्ये ते चौदाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. नाव ऐकून ते भुताखेतांचे गाणे समजणारी मुले आपल्याकडेही आहेत. आपल्याच वयाच्या एका मुलाच्या मृत्यूवरचे हे गाणे आहे, हे कळल्यावर ती ते तसेच नाचत म्हणतील काय?

सूर आवडायला अर्थ कळावाच लागतो असे नाही, हे आम्हांला मान्य आहे. परंतु व्यासपीठावर उभे राहिल्यावर ते शब्द आपल्या तोंडचे होतात.

आणि हा दोष केवळ इंग्रजी गाण्यांचा नाही. समर्थ रामदासांच्या गणपतीच्या आरतीतील 'संकटी' हा शब्द कित्येक घरांत 'संकष्टी' असा म्हटला जातो. संकटात धावून येण्याची विनवणी चतुर्थीपुरती उरते! महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांत, जिथे दिवसभर कानांवर दुसरी भाषा पडते, तिथे शब्द पाठ राहून अर्थ निसटण्याची भीती अधिक आहे.

म्हणून विश्वस्त मंडळ व शिक्षकवर्ग यांना आमची एक सूचना आहे. इंग्रजी गाण्यांवर सरसकट बंदी नको. गाणे कोणत्याही भाषेतील असो, ते म्हणणाऱ्याने आधी चार-पाच मराठी वाक्यांत सांगावे : हे कोणी, केव्हा आणि कशावर लिहिले. पोवाडा, अभंग आणि नाट्यगीत यांनाही हाच नियम लावावा. याला एक पैसाही खर्च नाही. मुलांना शोधावे लागेल, पालकांना समजेल आणि आपल्या मराठीलाही एक नवे काम मिळेल. येत्या स्नेहसंमेलनापासून हा प्रयोग करून पाहावा, ही विनंती.