‘निर्मनुष्य’ रानाचे थोतांड

ऑस्ट्रेलियातील झुडपी रानाचे एखादे अम्लरेखन (एचिंग) पाहिल्यावर आपल्याकडचा रसिक साधारणतः दोनपैकी एक वाक्य उच्चारतो. पहिले : ‘यात आहे काय? नुसत्या रेघोट्या.’ दुसरे : ‘काय शांतता आहे! मानवाचा स्पर्शही न झालेला निसर्ग!’ पहिले वाक्य अडाणीपणाचे आणि दुसरे रसिकतेचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मते दुसरे वाक्य अधिक घातक होय. पहिल्यात निदान आपल्याला काही दिसले नाही याची कबुली आहे. दुसऱ्यात न दिसण्यालाच सौंदर्याचा दर्जा बहाल केलेला आहे.

उदाहरण फ्रेड विल्यम्स (१९२७–१९८२) या मेलबर्नच्या चित्रकाराचे घेऊ. पन्नाशीच्या दशकात लंडनमध्ये तो अम्लरेखन शिकला आणि मायदेशी परतल्यावर गम वृक्षांच्या रानाकडे वळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हायडलबर्ग संप्रदायाने हा विषय इतका हाताळला होता, की नव्यांना तो शिळा वाटत असे. साठच्या दशकात विल्यम्सने मेलबर्नच्या नैर्ऋत्येकडील यू यँग्ज या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर चित्रमालिका केली. तीत मैदान उभे केल्यासारखे दिसते, नजर खिळवणारा केंद्रबिंदू नाही आणि झाडे म्हणजे विखुरलेले ठिपके व तुटक रेषा. ‘रचनाच नाही’ हा आक्षेप येथूनच उद्भवतो. परंतु युकॅलिप्टसची पाने बहुधा उभी लोंबतात, सावली विरळ पडते. युरोपीय निसर्गचित्रातला डेरेदार वृक्ष तेथे सापडणार कोठून? रचनेचा अभाव चित्रात नाही. आपल्या अपेक्षेचा साचा परका आहे.

माध्यमाचाही विचार करावा लागेल. अम्लरेखनात कलावंताची सुई तांब्याच्या वा जस्ताच्या पत्र्यावरचा मेणमिश्रित लेप तेवढा खरवडते. धातू कोरते ते आम्ल. पत्रा जितका काळ आम्लात, तितकी रेषा खोल. विल्यम्स एकाच पत्र्यावर पुनःपुन्हा काम करी, एकाच प्रतिमेच्या निरनिराळ्या अवस्था छापून पाही. छापातले विषय चित्रात आणि चित्रातले छापात नेई. म्हणजे ज्या रेषांना आपण ‘सहज उमटलेल्या’ म्हणतो, त्यांच्यात वेळ साठलेला आहे. असा छाप ‘अस्पर्श’ निसर्गाचे प्रशस्तिपत्र म्हणून वाचणे हा माध्यमाचाच अपमान होय.

आणि ते रान तरी अस्पर्श होते काय? यू यँग्ज ही वाडावुरुंग लोकांची भूमी. तेथील ग्रॅनाइटमधले खळगे खोल करून त्यांनी पावसाचे पाणी साठवले. ती दगडी कुंडे आजही आहेत. टेकड्यांचे नावही त्यांच्याच भाषेतून आलेले. सर्वोच्च शिखरावर १८०२ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स चढला आणि त्याने त्याला इंग्रजी नाव दिले. पुढे त्या शिखराला त्याचेच नाव मिळाले. आज तेथे दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या बोनसीड झुडपाचा उपद्रव आहे. तेव्हा ‘देशी रान’ हीसुद्धा निसर्गाने आयती दिलेली वस्तू नव्हे. तीमागे वस्ती, बेदखली आणि लागवड यांचा इतिहास आहे.

येथे प्रश्न केवळ रसग्रहणाचा राहत नाही. ही भूमी कोणाचीच नव्हती, या गृहीतकावर १७८८ पासूनची वसाहत उभी राहिली आणि ते गृहीतक ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात नाकारले ते थेट १९९२ मध्ये. ‘निर्मनुष्य’ हे विशेषण तेथे दोनशे वर्षे कायद्याचे काम करीत होते.

यावर कोणी म्हणेल, विल्यम्सच्या छापांतही माणूस नाही. मग दोष त्याचा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. विल्यम्सला निषेधाचा चित्रकार ठरवण्याचा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु चित्रात माणूस नसणे वेगळे आणि ‘येथे माणूस नव्हताच’ असे प्रेक्षकाने ठरवणे वेगळे. हा फरक बी मॅडॉक (१९३४–२०१६) हिने उघड केला. ‘टेरा स्पिरिटस’ (१९९३–९८) या पन्नासहून अधिक पत्रकांच्या कृतीत तिने टास्मानियाचा सबंध किनारा गेरूने रेखला. तेथेही माणूस नाही. मात्र किनाऱ्याखाली मूळ रहिवाशांनी दिलेली स्थळनामे हस्ताक्षरात आहेत आणि इंग्रजी नावे शाईविना, केवळ दाबाने उमटवलेली. कोणाचे नाव वाचायचे आणि कोणाचे चाचपडायचे, हे तिने उलटवून दाखवले.

मराठीच्या वर्गात या चर्चेचे काय प्रयोजन, असे विचारले जाईल. प्रयोजन आहे. ‘निसर्गकविता’ नावाचा खण आपण अभ्यासक्रमात करून ठेवला आहे आणि ‘कवीचे निसर्गप्रेम दिसून येते’ या उत्तराला गुण देत आलो आहोत. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) आल्या आणि आपण त्यांना ‘रानकवी’ म्हणून मोकळे झालो. वस्तुतः मराठीत ‘रान’ म्हणजे जंगलही आणि कसलेले शेतही. ‘रानात गेलाय’ असे खेड्यात म्हणतात तेव्हा माणूस बहुधा कामाला गेलेला असतो. ज्या भाषेच्या शब्दातच माणसाचे श्रम मुरलेले आहेत, तिच्या अध्यापकांनी रान पाहताच ‘निर्मनुष्य’ म्हणावे, हे अक्षम्य आहे.

तेव्हा सूचना साधी आहे. निसर्गचित्र असो वा निसर्गकविता, ‘कवीचे निसर्गप्रेम स्पष्ट करा’ हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा. त्याजागी विचारावे : हे रान कोणाचे, त्याला नाव कोणी दिले आणि येथून कोण गेले?