कायल आणि फुगवटा

इंदापूर तालुक्यात 'बॅकवॉटर' हा शब्द आता शाळकरी पोरांच्याही तोंडी झाला आहे. भीमेवरचे उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याच्या पाण्याची शेपटी पार भिगवणपर्यंत जाऊन पोहोचली. सरकारी कागदांत तिला 'फुगवटा' म्हणतात. शब्द अर्थवाही आहे, पण ज्यांची घरेदारे त्यात गेली ती माणसे फुगवटाही म्हणत नाहीत आणि बॅकवॉटरही म्हणत नाहीत. ती नुसते 'पाणी' म्हणतात. 'पाणी आलं त्या साली' ही त्यांची कालगणना. उन्हाळ्यात साठा खूप खाली गेला की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि मग त्या कालगणनेला पाय फुटतात. म्हातारी माणसे वाळल्या गाळात जाऊन आपला वाडा कुठे होता ते नातवंडांना दाखवतात.

आमचे नरसिंहपूर धरणाच्या खालच्या अंगाला, नीरा-भीमेच्या संगमावर, पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाशी. म्हणजे फुगवटा वरच्यांना आणि विसर्ग आम्हांला! उजनीचे आणि नीरेवरच्या वीरचे पाणी एकाच वेळी सुटले की घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात आणि तिकडे पंढरपूर धास्तावते. तेव्हा पाण्याचे कौतुक आम्हांला बेताचेच. तरीही नाताळच्या सुटीत केरळात जायचे ठरले, तेव्हा सौभाग्यवतींनी स्पष्ट सांगितले, "देवळं नंतर, आधी त्या घरासारख्या होड्या!"

त्या होड्या खरोखरच पाहण्यासारख्या आहेत. 'केट्टुवळ्ळम' म्हणजे बांधलेली होडी. फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवायच्या, खिळा वापरायचा नाही, ही तिची मूळची रीत. ही भाताची आणि मसाल्याची मालवाहू होडी. रस्ते झाले, ट्रक आले, तसा तिचा धंदा बसला. मग १९९०च्या सुमारास कोणाला तरी सुचले की तिच्यावर बांबूचे छप्पर घालून आत पलंग मांडावा. भाताच्या पोत्यांच्या जागी आता आमच्यासारखी पोती निजतात. भाडे ऐकून मी सौभाग्यवतींकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही एका रात्रीवर भागवले. करीमीन नावाचा मासा तिथे केळीच्या पानात भाजून देतात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे त्याविषयी ऐकीव माहितीच देऊ शकतो.

पण मला लिहायचे आहे ते दुसऱ्या दिवसाविषयी. आलप्पुळ्याच्या धक्क्यावरून कोट्टायमला सरकारी बोट जाते. केरळ सरकारचे जलवाहतूक खाते १९६८ पासून आहे. आपल्या एस. टी.सारखे त्याचे वेळापत्रक, तिकिटे, थांबे. तिकीट इतके स्वस्त, की कंडक्टरने मोड परत दिली तेव्हा मला ती त्याची नजरचूक वाटली. बोटीत शाळेची मुले, भाजीच्या टोपल्या, एक गॅसची टाकी आणि तिच्या शेजारी अत्यंत निर्विकार चेहऱ्याचे एक आजोबा. पुढे उंचावर चाकाशी बसतो त्याला ते 'स्रांक' म्हणतात. आपल्या कोकणातला सारंग तो हाच. यंत्र सांभाळणारा खाली असतो. सारंग दोरी ओढतो, खाली घंटा वाजते आणि त्या इशाऱ्यावर बोट मागे-पुढे होते. त्या घंटेचा नाद ऐकून मला गावच्या देवळाची आठवण झाली, एवढे भाविक मी कबूल करतो.

वेंबनाड सोडून बोट कालव्यात शिरली आणि एक चमत्कारिक दृश्य दिसले. आम्ही पाण्यावर होतो आणि भातशेती आमच्या खाली होती. कुट्टनाड म्हणतात तो हा प्रदेश. इथली कित्येक शेते समुद्रसपाटीहून मीटर-दोन मीटर खोल आहेत. कायलाच्या तळाची चिकणमाती काढून बांध घालायचा, आतले पाणी उपसायचे आणि उघड्या पडलेल्या तळावर भात पेरायचा. जोसेफ मुरिक्कन नावाच्या एका माणसाने १९४०च्या दशकात अशी प्रचंड शेते वेंबनाडातून काढली. आमच्या इंदापुरात मोटार पाणी शेतात आणते, तिथे ती शेतातून बाहेर काढते! वीज गेली की दोन्हीकडचा शेतकरी सारखाच कपाळाला हात लावतो. समुद्राचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कमला दरवाज्यांचा मोठा बंधारा घातला. त्याने भात वाचला, पण माशांची ये-जा अडली आणि जलपर्णी माजली. जलपर्णी म्हटल्यावर उजनीकाठच्या वाचकांना अधिक सांगायला नको.

या जुन्या त्रावणकोरचे दिवाणपद १८५८ ते १८७२ या काळात तंजावरकडच्या एका मराठी माणसाकडे होते. सर टी. माधवराव. पुढे तेच होळकरांचे आणि बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत त्या राज्यात रस्त्यांची, कालव्यांची कामे जोरात निघाली. आपल्याकडे त्यांची आठवण निघते ती फक्त बडोद्याच्या संदर्भात.

मराठीच्या अध्यापकाला मात्र त्या पाण्यावर दुसरेच एक नाव आठवते. मल्याळम कवी कुमारन् आशान. १६ जानेवारी १९२४ रोजी कोल्लमहून आलप्पुळ्याकडे येणारी 'रिडीमर' नावाची बोट पल्लनाच्या वळणावर रात्री उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा फार अधिक उतारू होते. आशान त्यांत बुडाले. वय अवघे पन्नास. ज्याने जातीच्या जाचाविरुद्ध लेखणी झिजवली, तो कवी गर्दीच्या बोटीने नेला. तिथे आता त्यांचे स्मारक आहे. शंभर वर्षांत तिथल्या पाण्यावर सारे सुधारले असे मात्र नाही. २००९ साली तेक्कडीला पंचेचाळीस आणि २०२३ साली तानूरला बावीस माणसे गेली. दोन्ही बोटी सहलीच्या. रोजच्या सरकारी बोटीत मात्र मी एक गोष्ट स्वतः पाहिली. एका धक्क्यावर दहा-बारा जण उभे होते, बोटमास्तराने आत एक नजर टाकली आणि हात आडवा केला. लोक कुरकुरले, पण मागे झाले. त्यांना पुढच्या बोटीची वेळ ठाऊक होती. वायकोमला तर २०१७ पासून सूर्याच्या उन्हावर चालणारी, पंचाहत्तर माणसांची बोट नित्य ये-जा करते.

हे पाहताना माझ्या डोळ्यांसमोर कळाशी होती. इंदापूर तालुक्यातले कळाशी आणि समोर करमाळ्यातले कुगाव. मध्ये उजनीचे पाणी. लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या, शेते, सोयरीक, बाजार दोन्ही काठांना. धरणाआधी मध्ये नदी होती, आता समुद्रासारखा पसारा आहे. पाण्याने गेले तर थोडकी वाट, रस्त्याने गेले तर मैलोगणती वळसा. म्हणून माणसे, पोरे, मोटारसायकली असे सगळे उघड्या लाँचमध्ये चढते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी अशीच एक बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा गेले. त्यांत आईबाप आणि त्यांची दोन लहान मुले होती.

शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी फार जुनी आहे आणि पूल मंजूरही झाला आहे. तो व्हायलाच हवा. पण पूल एका जागी होतो आणि हे पाणी कोसच्या कोस पसरलेले आहे. पूल झाला तरी होड्या राहणारच. फ्लेमिंगो पाहायला भिगवणला हौशी मंडळी हिवाळाभर येतात, त्यांच्या अंगात जाकिटे असावीत याची चर्चा होते. गावातल्या माणसाच्या अंगात ते असावे याची होत नाही, कारण तो सहलीला निघालेला नसतो, दवाखान्याला निघालेला असतो. वळिवाच्या दिवसांत आभाळ भरले की दुपारनंतर बोट सोडायची नाही, एवढे सांगायला धक्क्यावर एक पगारी माणूस लागतो, आणि बोट थांबली तर पुढची कधी हे लिहिलेली एक पाटी.