परदेशची बॅग आणि बाजारातले कन्नड

येत्या मे महिन्यात मामांकडे ओसाकाला जायचे ठरले आणि घरात याद्या सुरू झाल्या. आई चिवड्या-लाडवांच्या हिशेबात, बाबा व्हिसाच्या कागदांत, मी येनच्या भावात!

काळजी अगदीच निराधार नाही. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, प्लग दोन चपट्या पिनांचा. आपल्याकडच्या सर्दी-खोकल्याच्या काही औषधांना तिथे बंदी. नुसत्या भाज्यांच्या दिसणाऱ्या सूपातही बहुधा माशाचा अर्क. पण हे प्रश्न चौकशीने सुटतात.

माझी खरी धास्ती निराळी होती. मी मराठी माध्यमाचा. बी.कॉम.चे पेपर इंग्रजीत लिहितो, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. फोनवर हे सांगताच मामा हसले. "अरे, इथल्या दुकानात माझेही इंग्रजी चालत नाही. अक्षरे ओळखू येईपर्यंत दूध समजून भलतेच काही आणत होतो!"

तेव्हा आठवले, कन्नड मी शाळेपेक्षा रविवार पेठेतच अधिक शिकलो. चुकतमाकत "एष्टु?" विचारले की दुकानदार हसत, पण भाव सांगत. आता "एष्टु?"च्या जागी "इकुरा देसु का?" म्हणायचे, इतकेच.

दोन भाषांत वाढणे ही आपण सीमाभागाची अडचण म्हणून सांगतो. माझ्या मते ती शिदोरी आहे. चुकीचे बोलण्याची लाज ज्याने घरच्या बाजारात टाकली, तो परक्या मुलखात निभावून नेईल. शेजाऱ्याची भाषाच ज्याने जन्मभर टाळली, त्याने मात्र बॅगेत काय भरावे?